केळीचा चीक

मामी भाजी बघायच्या आधी भाजीवाल्याचे हात बघायच्या. वांगी कितीही तुकतुकीत असोत, पालक कितीही हिरवागार असो, त्यांचं लक्ष तिकडे जायचंच नाही. "कै तोरिसु," म्हणायच्या, म्हणजे हात दाखव. आणि चांगले मिशीवाले, धिप्पाड शेतकरी शाळेत नखं तपासायला उभं केल्यासारखे दोन्ही पंजे पुढे करायचे. मामी चष्मा नाकावर ओढून ते न्याहाळायच्या. पटलं तर "सरी" म्हणून पिशवी उघडायच्या. नाही पटलं तर पिशवी बंद आणि तोंड उघडं. त्यातून गळ्यात शिवणकामाची टेप. ती त्या बाजारातसुद्धा काढायच्या नाहीत. एकदा त्यांनी एका पडवळाला टेप लावून, "मागच्या रविवारपेक्षा चार बोटं कमी भरतंय, पाणी कमी पडलं काय?" असं विचारलं, तर तो पडवळवाला बिचारा "मोटार जळाली, अम्मा" म्हणून कबूल झाला. सगळा बाजार त्यांना टेलर-अम्मा म्हणायचा.

मी त्यांची भाडेकरू. लग्न होऊन कराडहून म्हैसूरला आले. नवरा हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात, आणि घर मिळालं ते अग्रहारात, मामींच्या माडीवर. खाली पुढच्या खोलीत मामींचं शिवणाचं मशीन, मागे स्वयंपाकघर, परसात एक कढीलिंब. मामा केव्हाच गेले होते, मूलबाळ नव्हतं. घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसुरातलं, शिवणकामातलं, विठोबाचं. घरात मराठीच बोलायच्या, पण ती अशी की पहिले सहा महिने मला वाटायचं या कानडी बोलताहेत, आणि त्यांना वाटायचं मी पुस्तक वाचून दाखवतेय.

मला त्या 'पुण्याची' म्हणायच्या. मी शंभरदा सांगितलं, "मामी, मी कराडची. पुण्याशी माझा संबंध नाही."

"तेच गं. पुण्याच्या बाजूचीच अल्लवा तू?"

'अल्लवा' म्हणजे 'नाही का'. महाराष्ट्रात पुणं सोडून दुसरं गाव असतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शेवटी मीच नाद सोडला.

मी एका शाळेत हिंदी शिकवायची. आठवड्यात एकच रविवार, त्या दिवशी साडेआठपर्यंत लोळायचं हा माझा हक्क आहे असं मी मानत होते. मामी मानत नव्हत्या. सहा वाजता जिन्याखालून हाक यायची, "पुण्याची! उठ गं! सुम्ने झोपून काय करतीस? बाजार उठेल!" उगाच झोपून काय करतेस, एवढाच त्या 'सुम्ने'चा अर्थ, पण सकाळी सहाला तो शब्द मला शिवीसारखा लागायचा. नवरा पांघरूण डोक्यावर घेऊन म्हणायचा, "जा बाई, नाहीतर त्या वर येतील."

तो बाजार मात्र बघण्यासारखा होता. शहरातल्या एका बागेत, मोठमोठ्या झाडांखाली, फक्त रविवारी सकाळी भरायचा. नियम एकच. ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं. दलाल नाही, मंडईतून आणलेला माल नाही. त्याच्या वतीने दुसरं माणूस बसलं तर चालेल, पण त्यानेही त्या शेतात हात घातलेला हवा. बाजार चालवायचे एक निवृत्त शाळामास्तर, स्वतः शेती करणारे. सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणत. सातला ते शिट्टी फुंकायचे. मग एकेक जण आपल्या टोपलीमागे उभा राहून काय आणलंय ते सांगायचा आणि शेवटी मोठ्याने म्हणायचा, "नाने बेळेद्दु!" मीच पिकवलेलं. म्हातारी माणसं ठासून म्हणायची, नवीन लग्न झालेल्या बायका पदरात तोंड लपवून म्हणायच्या. ते झाल्याशिवाय एक मिरचीसुद्धा विकायची नाही. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मामींनी असा चिमटा काढला की आजही दंड चोळावासा वाटतो.

"हसतीस काय? देवळात हसतीस काय?"

माणूस खोटं बोलेल, हात बोलणार नाही, हे मामींचं शास्त्र. एकदा एक गुळगुळीत माणूस भेंडी घेऊन बसला. "नाने बेळेद्दु" म्हणाला खणखणीत. मामी गेल्या, हात बघितले आणि गोड आवाजात विचारलं, "भेंडी तोडताना हाताला काय लावतोस रे?"

"काय लावायचं? काही नाही."

"मग खाज कुठाय?"

भेंडीची लव रोज तोडणाऱ्याच्या बोटांना कशी खाते ते त्याच्या गावीही नव्हतं. पाच मिनिटांत कळलं की माल पहाटे मंडईतून उचललेला. मेष्ट्रूंनी त्याला उठवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मामी घरी येईपर्यंत ताठ मानेने चालत होत्या, आणि त्या दिवसापासून बाजारात नवीन कोणी आलं की मेष्ट्रूसुद्धा आधी मामींकडे बघायला लागले. खरं सांगते, तिथेच थोडं बिघडलं.

कापडाच्या बाबतीत मामी अशा नव्हत्या. तिथे त्यांचं शास्त्र वेगळं होतं. गिऱ्हाइकाने कापड आणलं की त्या डोळे मिटायच्या आणि कोपरा दोन बोटांत धरून चोळायच्या. "डोळ्याला काय, दुकानदार पण फसवतो. बोटाला फसवून दाखव म्हणावं." आणि दुसरं त्यांचं वाक्य, जे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणेन: "उसवायला लाज वाटली तर शिवायला बसू नये." एका दिवाळीला माझं पोलकं पूर्ण शिवून झालं, मी घालून आरशासमोर उभीसुद्धा राहिले, आणि मामी म्हणाल्या, "काढ." एक बाही दुसरीपेक्षा दोऱ्याएवढी वर होती म्हणे. मला दिसत नव्हती, नवऱ्याला दिसत नव्हती, देवाला दिसली असती की नाही शंकाच आहे. मामींनी दोन्ही बाह्या उसवल्या आणि मला जुनं पोलकं घालून लक्ष्मीपूजन करायला लावलं. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना पत्ताही लागला नाही, कारण त्या पूर्ण वेळ माझी बाही लावत होत्या.

आता केळ्यांचं सांगते.

मामी एकादशी कडक करायच्या. दिवसभरात एक पेला दूध आणि दोन केळी, बस. पण केळी म्हणजे रसबाळेच. नंजनगूडकडची ही केळी. आखूड, पातळ सालीची, आणि पिकली की घरात लपवून ठेवता येत नाहीत असा वास. पूर्वी म्हणे दारावर यायची. मग झाडांना रोग पडला, लोकांनी बागा मोडल्या, आणि बाजारात रसबाळे म्हणून भलतंच काहीबाही मिळायला लागलं. दोनदा फसल्यावर मामी एकादशीला नुसत्या दुधावर राहायला लागल्या. "खोटं केळं खाण्यापेक्षा उपाशी बरं," म्हणायच्या.

एका रविवारी मामींना लग्नाचं शिवण होतं. मला एकटीला पाठवलं. मीही खुशीत गेले. कोणाचे हात बघायचे नाहीत, कोणाची परीक्षा नाही, पटकन भाजी घ्यायची आणि घरी येऊन पुन्हा झोपायचं. बागेच्या अगदी टोकाला एक नवीन बाई केळी घेऊन बसली होती. वास आला म्हणून मी थांबले. तिने एक केळं सोलून चाखायला पुढे केलं, आणि मी तिचे हात पाहिले. बोटं, नखं, तळवे, सगळं काळं, डांबरात बुडवून काढल्यासारखं. मी हात मागे घेतला. नुसता मागे घेतला असता तरी चाललं असतं. पण मी मास्तरीण पडले. माझ्या मोडक्या कानडीत म्हणाले, "हात धुऊन यावं गं. खायची वस्तू आहे ना?" बाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी भाजी घेऊन घरी आले, झोपले आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी मामी बरोबर होत्या. शिट्टी झाली, आणि टोकाकडून एक बारीक आवाज आला, "रसबाळे. नाने बेळेद्दु." मामींनी माझा दंड धरला. एवढ्या वयाची बाई, पण मला ओढत नेलं त्यांनी. टोपलीत पिवळीधमक केळी आणि मागे एक तिशीतली बाई, कडक इस्त्रीची फिकट पिवळी साडी, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. मामींनी केळं उचललं, हुंगलं, आणि त्यांचे डोळे भरले. मी जवळून पाहिलंय. मग म्हणाल्या, "कै तोरिसु."

बाईने हात पुढे केले. स्वच्छ. नखंसुद्धा पांढरी. साबणाचा वास येत होता.

मामींचा चेहरा पडला. हवं ते हातात आलं आणि ते खोटं निघालं, की माणसाला येतो तो राग मला दिसला. "केळीच्या बागेत काम करतीस? आणि हात हे असे? साडी पिवळी?" आवाज चढत गेला. "बाई गं, मी शिवणारी आहे. केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेल पण डाग जायचा नाही, हे मला तू शिकवू नको. केळी कापणाऱ्याचे हात महिनामहिना काळे असतात. ही केळी कोणाची?"

"माझीच, अम्मा. मी हात धुऊन..."

"धुऊन चीक जातो?"

लोक जमले. मेष्ट्रू आले. टेलर-अम्मा म्हणताहेत म्हटल्यावर त्यांनी नियम सांगितला: बाग बघून येईपर्यंत बसता येणार नाही. बाईने वाद घातला नाही. गजरा काढून टोपलीत टाकला, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, मेष्ट्रूंच्या वहीत तेवढं होतं: महादेवम्मा. आणि मी? ही तीच बाई हे मला कळलंसुद्धा नाही. मागच्या रविवारी मी हात पाहिले होते, चेहरा कुठे पाहिला होता!

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. दोन रविवार गेले. मेष्ट्रूंना बाग बघायला सवड झाली नाही. एकदा लग्न, एकदा गुडघा. मधली एकादशी आली. मामींनी दूधसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी मी चहाचं विचारायला खाली गेले तर मशीनवर बसून, पाय न चालवता, म्हणाल्या, "पुण्याची, त्या केळ्याचा वास खरा होता गं."

"मग?"

"मग काय मग? मी डोळ्यांनी बघून बोलले. चोळून नाही बघितलं."

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. मेष्ट्रूंकडून पत्ता घेऊन आम्ही दोघी नंजनगूडच्या बसमध्ये बसलो. पुढे एक रिक्षा, पुढे चाल. काळी जमीन, पाटाचं पाणी, आणि मग केळीची ती बाग आली. मोठी नव्हती. पण एकेक झाड लेकरासारखं राखलेलं, घडांना बांबूचे टेकू, वाळकी पानं काढून नीट रचलेली. घराच्या दोरीवर एक साडी आणि एक पोलकं वाळत होतं. साडी मूळची हिरवी असावी. आता ती सगळी काळ्या-तपकिरी डागांची होती. मामी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हललीच नाही माझी बाई.

महादेवम्मा पाट वळवून आली. आम्हाला बघून थबकली. हात कोपरापर्यंत काळे होते.

"त्या दिवशी हात..." मामी एवढंच म्हणाल्या.

तिने शांतपणे सांगितलं. पहिल्या रविवारी ती असेच हात घेऊन आली होती. एका बाईने सगळ्यांत सांगितलं, हात धुऊन ये. म्हणून मग आठवडाभर तिने बागेत कोयताच घेतला नाही, नवऱ्याला लावला. हाताला खोबरेल, चिंच, राख, रॉकेल, जे कोणी सांगेल ते चोळलं. साल निघेपर्यंत चोळलं. लग्नातली साडी काढली. "शहरातल्या लोकांना स्वच्छ लागतं," ती म्हणाली. "स्वच्छ होऊन आले, तर तुम्ही म्हणालात खोटी."

मामींनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. डोळे मिटले. आणि कापडाचा कोपरा चोळावा तसा तिचा तळवा अंगठ्याने चोळला. सगळे घट्टे. मामींनी तो हात सोडला नाही. आणि माझं तर काय सांगू! 'एक बाई' म्हणाली तेव्हाच मी ओळखलं होतं, ती बाई मीच. ती मला ओळखत होती का? बहुतेक ओळखत होती.

"नंदु तप्पायितु," मामी म्हणाल्या. माझी चूक झाली. आणि इतका वेळ 'तू' म्हणणारी बाई कानडीत 'तुम्ही'वर आली. "तुम्ही रविवारी या. मी मेष्ट्रूंना सांगते."

महादेवम्माने मान हलवली. "नाही यायची, अम्मा. तुम्ही चारचौघांत नाही म्हणालात, आणि हो म्हणायला इथे घरी आलात. माझा पाय नाही उठत." मग केळ्यांकडे बघून म्हणाली, "ही केळी लॉरीत घातली की साल काळी पडते. व्यापारी हात लावत नाही. हातातून हातात देता आली तरच विकतात. तो बाजार कळला म्हणून तर गेल्या साली लावली होती. नवरा म्हणतो, आता मोडू या बाग, ऊस लावू या."

परतीच्या बसमध्ये मी मामींना सांगून टाकलं की ती बाई मी. वाटलं, आता ही माउली मला बसमधून खाली उतरवणार. त्या एवढंच म्हणाल्या, "सरी. दोघींनी मिळून शिवलंय, दोघींनी मिळून उसवू."

उसवायचं कसं ते त्यांनी आपल्या पद्धतीनं ठरवलं. महादेवम्मा येणार नाही. तिचा नवरा येईना, त्याचा राग खरा होता. दुसऱ्याने विकायचं तर बागेत हात घातलेला हवा, हा नियम. ठीक आहे, हात घालू. मामींनी गुरुवारी मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. पासष्ट उलटलेली बाई सकाळच्या बसने जायची, दिवसभर बुंध्याशी फुटलेली केळीची पिलं काढायची, वाळकी पानं कापायची, फण्या सोडवायची आणि दिवेलागणीला परत यायची. गिऱ्हाइकं खोळंबली. माझ्याच दोन साड्यांचे फॉल अडकले. पहिल्या गुरुवारी महादेवम्मा त्यांच्याशी बोललीच नाही म्हणे. दुसऱ्या गुरुवारी हातातला कोयता कसा धरायचा ते दाखवलं. तिसऱ्या गुरुवारी जेवायला वाढलं. मी शाळेत रजा टाकून दोनदा गेले. कौतुकाने नवीन सलवार घालून गेले आणि चिकाने बरबटून आले, घरी येऊन एवढी कुरकूर केली की नवरा म्हणाला, "मामींची तक्रार नाही, तुझीच का?"

आणि मामींचे हात! जे हात पांढऱ्या सॅटिनला लागायचे म्हणून दिवसातून दहादा धुतले जायचे, ते डांबरी झाले. एका नवरीच्या आईने ते बघून शिवणच परत नेलं. मामी म्हणाल्या, "नेऊ दे. बरोबर आहे तिचं. मीही नसतं दिलं."

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी मामी महादेवम्माच्या टोपलीसकट बाजारात आल्या. मेष्ट्रूंनी शिट्टी फुंकली. एकेक जण बोलत गेला. टोकाशी पाळी आली तेव्हा मामी उभ्या राहिल्या, गळ्यात टेप, आणि दोन्ही पंजे सगळ्यांना दिसतील असे वर धरले. या वेळी कोणी 'कै तोरिसु' म्हटलं नव्हतं.

"रसबाळे," त्या म्हणाल्या. "महादेवम्माने पिकवलेलं. मी फक्त हात लावलाय." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "दीड महिन्यापूर्वी इथे उभी राहून मी तिला खोटी म्हणाले. खोटी ती नव्हती. तिने तुमच्यासाठी हात धुतले होते. मी चोळून न बघता बोलले. सगळ्यांत बोलले, म्हणून सगळ्यांत सांगते."

मग मीही पुढे झाले. माझेही हात थोडे काळे होते. "आणि हात धुऊन ये म्हणणारी मी," म्हणाले. कानडीत म्हणाले, त्यामुळे त्यात निदान तीन चुका असतील. कोणी हसलं नाही. मेष्ट्रूंनी चष्मा पुसला, पुढे आले आणि पहिली फणी त्यांनीच उचलली.

विक्रेती म्हणून मामी अगदी वाईट होत्या, तेही सांगितलं पाहिजे. केळं दाबून बघणाऱ्याच्या हातावर त्या टेपने फटका मारायच्या. एकाला "तू नीट खाणार नाहीस" म्हणून दिलंच नाही. तरी साडेआठला टोपली रिकामी झाली. आणि मागे वळून बघितलं तर झाडाआड महादेवम्मा उभी. येणार नाही म्हणाली होती. पण मागच्या बसने आली होती, सगळं ऐकत उभी होती. पुढच्या रविवारी ती टोपलीमागे स्वतः उभी राहिली, ती डागांची हिरवी साडी नेसून, काळे हात कमरेवर ठेवून, आणि "नाने बेळेद्दु" असं ओरडली की झाडावरचे पोपट उडाले. ऊस काही लागला नाही. बाग राहिली.

त्यानंतर मामी बदलल्या असं म्हणवत नाही. हात बघायच्याच. पण आधी नाव विचारायच्या, मग गाव, मग हात हातात घेऊन डोळे मिटायच्या. त्यामुळे बाजार करायला दुप्पट वेळ लागायला लागला आणि माझा रविवार उरलासुरलाही गेला. गुरुवारी नंजनगूड मात्र त्यांनी सोडलं नाही. "माझी एकादशीची केळी मी बघून घेते," म्हणायच्या. महादेवम्माच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा पाळण्याला झालर मामींनी लावली.

अकरा वर्षांनी नवऱ्याला नोकरी मिळाली ती पुण्यात. मामी टाळी वाजवून हसल्या. "बघ! आता झालीस खरी पुण्याची! मी पहिल्यापासून सांगत होते." हसता हसता पदर डोळ्याला लावला आणि मशीनकडे गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी मोतिया रंगाचं पोलकं शिवत होत्या. महादेवम्मा निरोपाला आली होती, ताजा कापलेला घड घेऊन. तो तिने मशीनवर टेकवला, आणि देठाचा चीक टपकन पोलक्याच्या बाहीवर पडला. महादेवम्मा "अय्यो" म्हणून ओरडली. मी मामींकडे बघितलं. म्हटलं, आता ही बाई रात्रभर बसून नवी बाही लावणार.

मामींनी डागावर बोट फिरवलं. कात्री उचललीसुद्धा नाही. शेवटचं हूक लावलं, दोरा दाताने तोडला आणि पोलकं माझ्या हातात दिलं.

"मामी, बाही..."

"हे उसवायचं नाही," त्या म्हणाल्या.

मामी गेल्याला आता चार वर्षं झाली. महादेवम्माचाच फोन आला. गुरुवारी बागेत जाऊन आल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. फोनवर आम्ही दोघी फार बोललो नाही, माझी कानडी तेव्हाही कमी पडली. शेवटी ती एवढंच म्हणाली की हात धुतले नव्हते त्यांनी, चिकाने काळे तसेच होते. त्यावर मात्र मला रडू आवरलं नाही.

ते पोलकं मी अजून घालते. डाग सुरुवातीला तपकिरी होता, आता काळा झालाय. परवा इथल्या भाजीबाजारात ते घालून गेले होते. कोपऱ्यावर एक म्हातारे केळीवाले बसतात. फणी तोडून देताना त्यांची नजर माझ्या बाहीवर गेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ताई, हा चिकाचा डाग. घरची बाग हाय व्हय तुमची?"

"बाग दुसरीची आहे, बाबा," मी म्हणाले. "मी फक्त हात लावलाय."